एका मळ्याचे उद्यान झाले

जत्रेतील पाळण्यात बसले नाही असे मूल महाराष्ट्रात विरळाच. पाळणा वर चढू लागला की पोटात गोळा उठतो, खाली येऊ लागला की तोंडातून आपोआप किंकाळी बाहेर पडते, आणि उतरल्यावर मात्र पुन्हा एकदा बसावेसे वाटते. जत्रा चार दिवसांची असते. ती संपली की पाळणेही गाड्यांवर चढून पुढच्या गावाला जातात. परंतु करमणुकीची अशी साधने जेथे कायमची उभी केलेली असतात, अशी विस्तीर्ण स्थळेही जगात पुष्कळ आहेत. त्यांना करमणूक उद्याने म्हणतात. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १८४३ साली उघडलेले ‘टिव्होली’ हे उद्यान आजही लोकांचे मन रिझवीत आहे.

अशी उद्याने बहुधा आधी कागदावर जन्म घेतात. कोणी धनिक भांडवल उभे करतो, कुशल स्थापत्यविशारद नकाशे काढतात आणि ठरल्या दिवशी वाजतगाजत दरवाजे उघडतात. ज्या उद्यानाची हकिकत आपण येथे पाहणार आहोत, ते मात्र असे जन्मले नाही. एका कष्टाळू शेतकरी कुटुंबाच्या मळ्यात, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, ते वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस या महानगराच्या आग्नेयेस, ब्यूना पार्क नावाचे गाव आहे. तेथील ‘नॉट्स बेरी फार्म’, म्हणजे नॉट यांचा बेरीचा मळा, हेच ते उद्यान होय. उद्यानाला मळ्याचे नाव कसे पडले, हे कळण्यासाठी आपल्याला या कुटुंबाच्या प्रारंभीच्या दिवसांकडे वळले पाहिजे.

वॉल्टर नॉट यांचा जन्म १८८९ साली कॅलिफोर्नियातच झाला. ते सहा वर्षांचे असतानाच वडील निवर्तले आणि घरची स्थिती बेताची झाली. शेतीचा ओढा त्यांना लहानपणापासून होता. गावातील रिकाम्या पडलेल्या जागा मागून घेऊन हा मुलगा तेथे भाजीपाला पिकवी आणि विकी. १९११ साली त्यांचा कॉर्डेलियाबाईंशी विवाह झाला. पुढे तीनच वर्षांनी, स्वतःची जमीन असावी या एकाच ध्यासाने, हे जोडपे मोहावीच्या वाळवंटात जाऊन राहिले. ओसाड जमिनीवर ठरावीक वर्षे राहून ती कसणाऱ्याच्या नावे ती करून द्यावी, असा तेव्हा तेथील सरकारचा कायदा होता.

परंतु वाळवंट ते वाळवंटच! पाणी अपुरे, वारा उन्मत्त, आणि पेरलेले हाती लागेल याचा भरवसा नाही. घरखर्च भागेना, तेव्हा वॉल्टर दूरच्या कॅलिको या गावी चांदीच्या जुन्या खाणीत मजुरीला गेले. रस्ते बांधण्याचे कामही त्यांनी केले. इकडे कॉर्डेलियाबाई कच्च्या विटांच्या लहानशा घरात मुलांना सांभाळीत राहिल्या. तीन वर्षांनी जमिनीवर हक्क मिळाला. पण तिच्यावर पोट भरत नाही, हेही तोवर पुरते कळून चुकले होते. तेथून ते शॅन्डन या गावी गेले आणि दुसऱ्याच्या जमिनीत भाजीपाला करून त्यांनी डोक्यावरचे कर्ज फेडले. थोडी शिल्लक पडताच १९२० साली ते ब्यूना पार्क येथे आले व चुलतभावाच्या भागीदारीत २० एकर जमीन खंडाने घेऊन बेरीची लागवड करू लागले.

बेरी हे फळ कसे असते, ते येथे सांगितले पाहिजे. कारण पुढील सारी कथा या फळाच्या स्वभावावर अवलंबून आहे. आपल्याकडील तुतीप्रमाणे बारीक बारीक रसाळ दाण्यांनी बनलेले हे फळ काटेरी वेलींवर येते. ते रंगाने सुंदर, चवीने आंबटगोड, पण अत्यंत नाजूक असते. पिकलेले फळ जरा दाबले गेले की रस गळू लागतो आणि दोन-चार दिवसांत ते नासते. त्यामुळे आगगाडीने ते दूरच्या बाजारात पाठविणे कठीण. फळ गिऱ्हाइकाकडे जाऊ शकत नसेल, तर गिऱ्हाईकच फळाकडे आले पाहिजे. नॉट कुटुंबाचे दैव असे की, लॉस एंजेलिसहून समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा हमरस्ता त्यांच्या मळ्याला लागूनच होता. सुटीच्या दिवशी मोटारी भरभरून लोक त्या रस्त्याने जात. वॉल्टर यांनी रस्त्याच्या कडेला एक साधी लाकडी टपरी उभारली आणि सकाळी तोडलेली फळे ते तेथेच विकू लागले. १९२८ साली टपरीच्या जागी पक्की इमारत झाली. तीत फळांचे व रोपांचे दुकान होते आणि एका बाजूस चहा-फराळाची लहानशी खोली होती. ही खोली कॉर्डेलियाबाईंकडे असे.

याच सुमारास एका अनोळखी फळाचा शोध घेत अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञ जॉर्ज डॅरो हे नॉट यांच्याकडे आले. रुडॉल्फ बॉयसन नावाच्या गृहस्थाने निरनिराळ्या बेरींचा संकर करून असामान्य मोठे फळ देणारा वेल तयार केला आहे, असे त्यांच्या कानी आले होते. बॉयसन हे जवळच्याच अनाहाइम शहरात नोकरीस होते. त्यांना गाठले, तेव्हा कळले की हा प्रयोग त्यांनी केव्हाच सोडून दिला आहे आणि ते वेल त्यांच्या पूर्वीच्या शेतात दुर्लक्षित पडले आहेत. सर्वांनी जाऊन पाहिले, तो रानगवतात अखेरच्या घटका मोजणारे काही सुकलेले वेल आढळले. वॉल्टर यांनी ते मुळांसकट उचलून आपल्या मळ्यात आणले, निगुतीने खतपाणी केले, आणि वेल तरारले. त्यांना जी फळे लागली, ती अंगठ्याएवढी मोठी, गर्द जांभळी आणि रसाने ओथंबलेली होती. या फळाची विक्री १९३० नंतर लवकरच सुरू झाली. तेव्हा नाव देण्याचा प्रसंग आला. मळा नॉट यांचा, वेल वाचविले नॉट यांनी; तरी त्यांनी फळाला आपले नाव दिले नाही. ज्याने ते प्रथम निर्माण केले, त्याच्या नावाने त्यांनी त्याला ‘बॉयसनबेरी’ म्हटले. आज दूरच्या न्यूझीलंडमध्येही या फळाची मोठी लागवड होते. ते वेल त्या वेळी रानगवतात मेले असते, तर हे नावही कोणास ठाऊक झाले नसते.

परंतु चांगले फळ हाती आले म्हणून चांगले दिवस आले, असे झाले नाही. १९२९ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी सुरू झाली. पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि लक्षावधी लोक बेकार झाले. फळांचे भाव कोसळले. जमीन विकत घेतल्याचे हप्ते मात्र नॉट कुटुंबाला चुकत नव्हते. अशा वेळी संसाराला हातभार लावावा म्हणून कॉर्डेलियाबाईंनी एक निश्चय केला. १३ जून १९३४ या दिवशी त्यांनी आपल्या लग्नातील चिनी मातीच्या ताटल्या बाहेर काढल्या आणि चहाच्या खोलीत आलेल्या आठ पाहुण्यांना घरच्यासारखे जेवण वाढले. तळलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे व त्यांवर रस्सा, भाजी, गरम पाव, आणि शेवटी बेरीचे सारण भरून भट्टीत भाजलेले पक्वान्न. या संपूर्ण जेवणाची किंमत होती ६५ सेंट. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग.

त्या आठ ताटल्या हा या उद्यानाचा खरा पाया होय. जेवण पोटभर, चव घरची आणि दर परवडण्याजोगा. तेव्हा त्याची कीर्ती एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जाऊ लागली. मुली पाहुण्यांना वाढीत, मुलगा पडेल ते काम करी. व्हर्जिनिया या थोरल्या मुलीने एका टेबलावर लहानसहान भेटवस्तू मांडल्या आणि पुढे त्याच टेबलाचे मोठे दुकान झाले. खोलीला खोली जोडली गेली, तरी जागा पुरेना. काही वर्षांतच रविवारी एका दिवसात हजारो लोक जेवून जाऊ लागले, आणि पुष्कळांना त्यासाठी तासन्‌तास ताटकळत उभे राहावे लागे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दाराशी रांग लागलेली पाहून कोणीही दुकानदार मनात सुखावतो. भाव वाढवावा, म्हणजे रांगही कमी होईल आणि पैसाही अधिक मिळेल, असा हिशेब तो सहज करील. वॉल्टर यांना रांगेत दिसली ती निराळीच गोष्ट. कडेवरची मुले कंटाळून रडताहेत, म्हातारी माणसे अवघडून गेली आहेत, हे त्यांनी पाहिले. हे लोक आपल्या घरी आले आहेत. त्यांचा वेळ सुखात जावा, एवढाच विचार त्यांनी केला. त्यांनी दगड रचून लहानशी बाग केली व तिच्यात धबधबा खेळविला. पाणचक्की उभारली. एक चिमुकला ज्वालामुखी तयार केला. काचेआड मधमाश्यांचे जिवंत पोळे ठेवले, म्हणजे मुलांना माश्यांचा उद्योग निर्भयपणे पाहता यावा. आपोआप वाजणाऱ्या जुन्या वाद्यपेट्याही मांडल्या. यांपैकी कशासाठीही त्यांनी एक पैसा आकारला नाही.

हीच कल्पना १९४० साली मोठी झाली. वॉल्टर यांच्या आजी १८६८ साली, त्यांच्या आईला तान्ही घेऊन, टेक्सस प्रांतातून कॅलिफोर्नियाला आल्या होत्या. हा प्रवास छप्पर घातलेल्या लाकडी गाडीतून, रानावनांतून आणि वाळवंटांतून झाला होता. त्याच्या गोष्टी वॉल्टर यांनी बालपणी अनेकदा ऐकल्या होत्या. त्या पिढीचे कष्ट नव्या पिढीला दिसावेत, या हेतूने त्यांनी मळ्यातच जुन्या काळचे एक गाव वसविण्यास आरंभ केला. सोन्याचांदीच्या खाणी संपल्यामुळे माणसे सोडून गेलेली ओसाड गावे अमेरिकेच्या पश्चिम भागात बरीच आहेत. त्यांना तिकडे ‘भुतांची गावे’ म्हणतात. अशा गावांतील जुनी लाकडी घरे उकलून आणून त्यांनी येथे पुन्हा जोडली, आणि काही जुन्या नमुन्याबरहुकूम नवी बांधली. लोहाराचा भाता, शाळेची खोली, घोड्यांची टपालगाडी, सारे काही त्या गावात आले. नदीच्या वाळूतून सोन्याचे कण कसे धुऊन काढीत, हे पाहुण्यांना स्वतःच्या हातांनी करून पाहता येऊ लागले. जेवणाची पाळी येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून निर्मिलेले हे गाव पाहण्यासाठीच आता लोक येऊ लागले, आणि आल्यासारखे जेवून जाऊ लागले!

१९५१ साली वॉल्टर यांनी कॅलिको हे गावच विकत घेतले. ज्या खाणीत एकेकाळी पोटासाठी मजुरी केली, ते ओसाड गाव आता त्यांच्या मालकीचे झाले. त्यांनी त्याची डागडुजी केली आणि १९६६ साली ते स्थानिक शासनाला देऊन टाकले. १९५२ साली मळ्यातील गावात आगगाडी आली. तिचे रूळ तीन फूट अंतराचे, म्हणजे अरुंद होते, आणि तिची वाफेची इंजिने व डबे कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात खरोखरच धावलेले होते. वाटेत खोटे दरोडेखोर गाडी अडवीत आणि मुले आनंदाने ओरडत.

१९५५ साली अवघ्या काही मैलांवर, अनाहाइम येथे, वॉल्ट डिस्ने यांचे ‘डिस्नेलँड’ उघडले. ते नियोजनपूर्वक, अफाट खर्च करून उभारलेले उद्यान होते. आता या जुन्या मळ्याला कोण विचारणार, अशी शंका कोणासही आली असती. प्रत्यक्षात त्या भागाकडे प्रवाशांचा ओघच वाढला, आणि एक उद्यान पाहावयास आलेले लोक दुसरेही पाहून जाऊ लागले. मात्र केवळ जुनी घरे दाखवून यापुढे भागणार नाही, हेही नॉट कुटुंबाने ओळखले. बड हर्लबट या कल्पक कारागिराने १९६० साली येथे एक कृत्रिम डोंगर रचला आणि त्याच्या पोटातून खाणीतली गाडी फिरविली. १९६९ साली त्यानेच ओंडक्यांचा जलमार्ग बांधला. डोंगरावर तोडलेली झाडे खाली आणण्यासाठी पूर्वी लाकूडतोडे उतरते पाट बांधीत व त्यांतून ओंडके सोडून देत. तीच युक्ती येथे खेळासाठी वापरली आहे. ओंडक्याच्या आकाराच्या नावेत बसून माणसे पाटातून वाहत जातात आणि शेवटी उंचावरून धाडकन पाण्यात येतात. नाव खाली येते ती यंत्राने नव्हे, तर स्वतःच्या वजनाने. यंत्राचे काम एवढेच की, पाणी आणि नाव पुन्हा वर चढवावी.

१९७५ साली येथे मळसूत्राच्या आकाराचा रोलर कोस्टर आला. बसणाऱ्यांना पूर्ण उलटे करणारा, आधुनिक काळातील हा पहिलाच कोस्टर होय. माणसे उलटी होऊनही खाली का पडत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. पाण्याने भरलेली बादली दोरीला धरून वेगाने गरगर फिरविली, तर ती डोक्यावर उलटी आली असतानाही पाणी सांडत नाही. फिरणारी वस्तू सरळ रेषेत निसटू पाहते आणि बादलीचा तळ तिला आत वळवितो. त्यामुळे पाणी तळाशी दाबून राहते. तेच येथे घडते. शिवाय बैठकीला माणसांना घट्ट धरून ठेवणारे अडसर असतातच.

हे सर्व होत असताना एक अवघड प्रसंगही या कुटुंबापुढे आला. मळ्याला कधी कुंपण नव्हते. पाहिजे त्याने यावे, हिंडावे आणि जावे. परंतु गर्दी आवरेना आणि धांगडधिंगा करणाऱ्यांचा उपद्रव वाढू लागला. सहकुटुंब येणाऱ्या पाहुण्यांना त्याचा त्रास होऊ लागला. शेवटी १९६८ साली कुंपण घालून प्रवेशशुल्क ठेवावे लागले. प्रौढांस एक डॉलर आणि मुलांस २५ सेंट. शुल्क अल्पच होते. पण ज्या घराचे दार सताड उघडे असे, त्याला फाटक लागले. मोठे होण्याची किंमत अशी कोठेतरी मोजावी लागतेच.

कॉर्डेलियाबाई १९७४ साली आणि वॉल्टर १९८१ साली निवर्तले. त्यांच्या मुलांनी पुढे काही वर्षे उद्यान चालविले. १९८३ साली लहान बालकांसाठी निराळा विभाग उघडला. परंतु नवनवीन यंत्रांसाठी लागणारे भांडवल आणि भोवतालची स्पर्धा यांना एका कुटुंबाने किती काळ तोंड द्यावे? १९९७ साली त्यांनी उद्यान सीडर फेअर या कंपनीला विकले. २०२४ साली ती कंपनी सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या मोठ्या कंपनीशी एक झाली. आज त्या मळ्यात उंच रोलर कोस्टर गर्जत असतात आणि बेरीची शेते केव्हाच नाहीशी झाली आहेत. जमीन गेली आणि मालकीही गेली, मग नॉट कुटुंबाचे तेथे राहिले काय, असे कोणी विचारील.

याचे उत्तर उद्यानाच्या फाटकाबाहेर मिळते. कॉर्डेलियाबाईंची खानावळ अजून तेथे आहे, आणि तीत जेवण्यासाठी उद्यानाचे तिकीट काढावे लागत नाही. दरवर्षी वसंत ऋतूत उद्यानात बॉयसनबेरीचा उत्सव भरतो, आणि मरता मरता वाचलेल्या त्या वेलींचे फळ लोक नाना पदार्थांतून चाखतात. नाव अजून मळ्याचेच आहे. कंपन्या आल्या तरी त्यांना ते बदलावेसे वाटले नाही. कारण लोकांचा विश्वास त्या नावाशी जडलेला आहे.

या कथेत चमत्कार कोठेच नाही. वाळवंटाने हरविलेल्या माणसाने आणि त्याच्या पत्नीने प्रत्येक वेळी समोर आलेले लहान काम मनापासून केले, एवढेच. सुकलेला वेल दिसला, त्याला पाणी घातले. भुकेला पाहुणा आला, त्याला घरच्या ताटात वाढले. ताटकळणारे मूल दिसले, त्याच्यासाठी धबधबा खेळविला. उद्यान बांधावे असा संकल्प त्यांनी प्रारंभी कधी केला नव्हता. दुसऱ्याची गैरसोय दूर करता करता ते त्यांच्या हातून बांधले गेले. मोठी कार्ये पुष्कळदा अशीच होतात. ती करणाऱ्यांचे लक्ष मोठेपणाकडे नसते; ते दारात उभ्या असलेल्या माणसाकडे असते.